नॅशनल पार्कात पहिल्यांदा जाताय? मग गेटापाशी थांबू नका

ऑफिसात मागच्या महिन्यात लातूरहून एक मुलगी नवीन आली, तिने पहिल्याच रविवारी बोरिवलीचं नॅशनल पार्क केलं आणि सोमवारी मला म्हणाली, ताई, काहीच नाही हो तिथे, बाग आहे नि गर्दी आहे. कुठपर्यंत गेलीस विचारलं तर म्हणे गेटातून आत गेलो, तळ्यापाशी बसलो, सफारीला लाईन मोठी होती म्हणून कणीस खाऊन परत आलो. म्हणजे बिचारी जंगलात गेलीच नाही! मला खरंच वाईट वाटलं, कारण माझं अर्धं आयुष्य या पार्काच्या शेजारी गेलंय आणि मुंबईत नवीन आलेल्या प्रत्येकाने ते नीट बघावं असं मला मनापासून वाटतं. तिला जे सगळं सांगितलं तेच इथे लिहितेय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. नाव संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे आणि या उद्यान शब्दानेच घोटाळा होतो, आपल्याला उद्यान म्हटलं की झोपाळे नि घसरगुंडी आठवते. हे सुमारे १०३ चौरस किलोमीटरचं जंगल आहे. पश्चिमेला बोरिवली, कांदिवली, मालाड, गोरेगाव, दक्षिणेला आरे नि पवई, पूर्वेला भांडुप, मुलुंड, मग ठाण्याचं येऊर, आणि उत्तरेला घोडबंदर रोड ओलांडून पलीकडे खाडीपर्यंत नागला ब्लॉक. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी विहार आणि तुळशी हे दोन इथेच आहेत, विहार १८६० चा आणि तुळशी १८७९ चा. पावसाळ्यात तुळशी भरून वाहू लागला अशी बातमी येते ना, तो तुळशी याच डोंगरात. तर मेन गेटापासूनचा पहिला किलोमीटर दीड किलोमीटर हे या जंगलाचं फक्त अंगण आहे, आणि बहुतेक लोक अंगणातूनच परत फिरतात.

पहिलं काम, वार बघा. सोमवारी पार्क बंद असतं आणि आतल्या कान्हेरी गुंफा, म्हणजे डोंगरात कोरलेली जुनी बौद्ध लेणी, त्याही बंद असतात. दरवेळी सोमवारी गेटावर बॅगा घेतलेली एखादी फॅमिली उभी दिसतेच. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी गर्दी खूप, शक्य असेल तर मंगळवार ते शुक्रवारातला एखादा दिवस रजा टाका, पहिल्या भेटीसाठी एक रजा नक्की वसूल होते. महाशिवरात्रीला कान्हेरीकडे प्रचंड लोक जातात, तो दिवस नवख्यांनी टाळलेला बरा. गेट सकाळी साडेसातच्या सुमारास उघडतं, त्या वेळेला तिथे असा. पहाटे आत जाणारे जे दिसतात ते मॉर्निंग वॉकवाले, त्यांचे पास वेगळे असतात, त्यांच्या मागे घुसायला जाऊ नका.

पोचायचं सोपं आहे. वेस्टर्नने बोरिवली, पूर्वेला उतरायचं, हायवेच्या दिशेने पंधरा-वीस मिनिटं चालत किंवा रिक्षाने. मेट्रोने येणार असाल तर लाईन सातवर राष्ट्रीय उद्यान नावाचंच स्टेशन आहे, ते सगळ्यात सोयीचं. सेंट्रलवाल्यांनी दादरला बदलावं, ठाण्याकडचे घोडबंदर रोडने बसने येऊ शकतात. गाडी आणू नका असं माझं स्पष्ट मत आहे, पार्किंगची कटकट तर आहेच पण गाडीच्या काचेतून हे जंगल दिसतच नाही.

बॅगेत काय घ्यायचं. ग्रिपवाले बूट, चप्पल अजिबात नको, कान्हेरीच्या पायऱ्या दगडात कोरलेल्या आहेत आणि शेकडो वर्षं पाय पडून पडून त्या गुळगुळीत झाल्यात. प्रत्येकी दीड-दोन लिटर पाणी, स्टीलच्या बाटलीत. पूर्ण बाह्यांचा मातकट किंवा हिरवा शर्ट, डासांसाठी ओडोमॉस, टोपी, आणि सुटे पैसे, कारण आत गेल्यावर रेंज कधी असते कधी नसते आणि मग जीपे गोल गोल फिरत बसतं. दुर्बीण असेल तर घ्याच. सेंट मारू नका. ब्लूटूथ स्पीकर घरी ठेवा, ही माझी हात जोडून विनंती आहे.

खाण्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण सगळा घोळ तिथेच होतो. वेफर्सची पाकिटं, बिस्किटपुडे, कॅरीबॅग असलं काही नेऊ नका. एक कारण माकडं. माझ्या भाच्याच्या हातात वेफर्सचं पाकीट होतं, कान्हेरीच्या पायऱ्यांवर, माकडाने झडप घातली आणि पाकिटासोबत त्याच्या बोटावर नख ओढून गेलं. एवढासा ओरखडा, पण रक्त आलं होतं, त्यामुळे जखम साबणाने खूप वेळ धुतली आणि तिथून थेट रेबीजचं इंजेक्शन द्यायला नेलं, पुढचे डोसही पूर्ण केले. पोरगं आठ वर्षांचं, घाबरून गेलं होतं. माकडाचा यात काही दोष नाही, आधीच्या माणसांनी त्याला खायला घालून घालून पाकीट म्हणजे जेवण हे शिकवलंय. म्हणून माकडाला एक शेंगदाणासुद्धा देऊ नका. आणि पाकीट ओढलंच तर सोडून द्या, ओढाताण करू नका.

दुसरं कारण जास्त मोठं आहे. कचरा पडला की भटकी कुत्री जमतात आणि कुत्री जमली की त्यांच्या मागे बिबट्या येतो, कारण पार्काच्या कडेकडेने राहणाऱ्या बिबट्यांच्या खाण्यात कुत्रं हा मोठा भाग आहे. मग तोच बिबट्या एखाद्या सोसायटीच्या सीसीटीव्हीत दिसतो आणि लोक म्हणतात जंगलातून शहरात आला. अहो, त्याला वाट आपणच दाखवली. तर डब्यात पोळीभाजी न्या, थालीपीठ न्या, बंद डबा, आणि आतल्या कॅन्टीनपाशी किंवा बसायच्या जागीच खा. वाटेत आदिवासी मावश्या बसलेल्या असतात, मोसमाप्रमाणे काकडी, पेरू, आवळे, कैरी, चिंचा, उन्हाळ्यात करवंदं. त्यांच्याकडून आवर्जून घ्या आणि घासाघीस करू नका. मागच्या मे महिन्यात एका मावशीने मला करवंदं पळसाच्या पानाच्या द्रोणात दिली होती, द्रोण दोन काड्यांनी टाचलेला, आणि करवंदांच्या देठांना अजून चीक होता, बोटं चिकट झाली ती संध्याकाळपर्यंत. त्यांचे पाडे याच जंगलात आहेत, वारली आणि इतर आदिवासी कुटुंबं कित्येक पिढ्या इथे राहतायत, त्यामुळे पाड्यात विनाकारण घुसून घरांचे, माणसांचे फोटो काढत फिरू नका. कोणी आपल्या बिल्डिंगमध्ये येऊन तसं केलं तर चालेल का आपल्याला?

आता गेटातून आत. तिकीट काढलं की डोळ्यांसमोर सगळी आकर्षणं येतात, बाग, टॉय ट्रेन वनराणी, बोटिंग, वाघ-सिंहांची सफारी. वनराणीचं २०२१ च्या तौक्ते वादळात बरंच नुकसान झालं होतं, बरोबर लहान मुलं असतील तर त्या दिवशी ती चालू आहे का ते गेटावरच विचारा म्हणजे पोरांचा हिरमोड होत नाही. सफारीबद्दल नवीन लोकांचा हमखास गैरसमज होतो. ते वाघ आणि सिंह कुंपणाच्या आत ठेवलेले आहेत, जंगलात मोकळे फिरत नाहीत, सिंहांची एक जोडी तर २०२२ मध्ये गुजरातहून आणली. मुलांना दाखवायचे असतील तर जरूर दाखवा पण सकाळी नको, परत येताना करा. सकाळचे पहिले दोन तास लाईनीत घालवलेत तर जंगलाची सगळ्यात चांगली वेळ गेली.

सरळ कान्हेरीचा रस्ता पकडा. मेन गेटापासून गुंफा साधारण सहा-सात किलोमीटर, डांबरी रस्ता, चुकण्यासारखं काही नाही. आत बसही मिळते आणि गेटापाशी भाड्याने सायकलीही मिळतात. वयस्कर मंडळी बरोबर असतील तर बसच घ्या. पण गुडघे धड असतील तर जाताना चालत आणि येताना बस, हा माझा ठरलेला हिशोब आहे, कारण जाताना चढ आहे खरा पण सकाळचा गारवा असतो, आणि परत येताना ऊन नि थकवा दोन्ही असतं. रमतगमत दोन तास धरा. रस्ता सोडायचा नाही. पायवाट कितीही छान दिसली, रीलमध्ये कोणीही गेलेलं दिसलं तरी सोडायचा नाही, हे कोअर जंगल आहे आणि परवानगीशिवाय आत शिरणं गुन्हा आहे, शिवाय विहार-तुळशीच्या काठावरही असंच उठून जाता येत नाही.

चालताना काय बघायचं? पहिली वीस मिनिटं काहीच दिसणार नाही, कारण आपण बोलत असतो. मग गप्प व्हा. शंभर पावलं चाला आणि दोन मिनिटं उभे राहा, असं करत गेलात की जंगल हळूहळू उघडतं. चितळांचा कळप रस्त्याच्या कडेला चरताना बऱ्याचदा दिसतो. वानरं फांद्यांवर असतात, काळ्या तोंडाची, लांब शेपटीची. पक्ष्यांच्या अडीचशेच्या वर जाती इथे नोंदल्यात, पण नवख्याने पाच-सहा ओळखले तरी पुरे, कोतवाल, हळद्या, तांबट, सुतार, आकाशात शीळ घालत घिरट्या मारणारा सर्पगरुड, आणि नशीब असेल तर स्वर्गीय नर्तक, पांढऱ्याशुभ्र लांब शेपटीचा, फांद्यांमधून रिबीन ओढत नेल्यासारखा उडतो. फुलपाखरं बघायची तर पावसाळा संपता संपता या, आपल्या राज्याचं फुलपाखरू नीलवंत, म्हणजे ब्लू मॉर्मन, इथे सहज दिसतं. पावसाळ्यात झाडांमध्ये वर बघून चाला, जायंट वूड स्पायडरची जाळी रस्त्याच्या एका बाजूच्या झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत ताणलेली असतात, मधोमध तळहाताएवढी काळी-पिवळी मादी, उन्हात त्या जाळ्याचे धागे सोनेरी चमकतात. ती काही करत नाही. फक्त काठीने जाळं तोडू नका.

आणि कान उघडे ठेवा. चितळाने एकदम तीक्ष्ण आवाज काढला, वानर झाडावरून खॉक खॉक करायला लागलं आणि दोघं थांबतच नाहीयेत, तर समजा आसपास बिबट्या आहे किंवा नुकताच गेलाय. एवढ्या वर्षांत मला दिवसाउजेडी बिबट्या कधी दिसला नाही, पण ही ओरड मी तीनदा ऐकलीय आणि तीनही वेळा हातावर काटा आला होता.

बिबट्याबद्दल आता नीटच सांगते, कारण नवीन माणसाचा पहिला प्रश्न तोच असतो. पार्क आणि आजूबाजूचा भाग मिळून पन्नासच्या आसपास बिबटे आहेत, एवढ्या मोठ्या शहराच्या कुशीत. २००४ च्या सुमारास हल्ले फार वाढले होते, माणसं गेली, ते दिवस बोरिवली-मुलुंडकडच्या लोकांना आठवतात. पुढे विद्या अत्रेय यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवून दिलं की बिबट्या पकडून दुसऱ्या जागी नेऊन सोडला की प्रश्न मिटत नाही, उलट वाढतो. मग २०११ मध्ये वनखात्याने अभ्यासक आणि नागरिकांना घेऊन मुंबईकर्स फॉर एसजीएनपी (म्हणजे संजय गांधी नॅशनल पार्क) हा उपक्रम सुरू केला, सोसायट्यांमध्ये, पाड्यांमध्ये जाऊन लोकांशी बोलणं सुरू झालं. पाड्यांतल्या लोकांना यातलं बरंचसं आधीपासून ठाऊक होतं, वारली लोक वाघोबाला देव मानतात, आणि बिबट्यालाही ते वाघच म्हणतात.

तुमच्यासाठी नियम मोजके आहेत. अंधार पडायच्या आत बाहेर. लहान मूल नेहमी मोठ्या माणसाच्या हाताच्या अंतरात, पुढे पळू द्यायचं नाही. झाडीत एकटं जाऊन उकिडवं बसायचं नाही, बसलेला माणूस त्याला लहान जनावरासारखा दिसतो, टॉयलेट गेटापाशीच उरकून घ्या. आणि दिसलाच तर थांबा, ताठ उभे राहा, मुलाला उचलून घ्या, त्याच्याकडे तोंड ठेवून सावकाश मागे सरका. पळायचं नाही, वाकायचं नाही, घेरून व्हिडिओ तर मुळीच काढायचा नाही, त्याला निघून जायला वाट मोकळी ठेवली की तो जातो. वनखात्याची हेल्पलाईन १९२६ आहे, फोनमध्ये आत्ताच सेव्ह करा, घराजवळ कधी बिबट्या किंवा साप दिसला तरी उपयोगी पडते.

सापांचं म्हणाल तर नाग, घोणस, मण्यार, फुरसं चारही आहेत, पावसाळ्यात हिरवागार चापडा फांदीवर वेटोळं करून बसलेला असतो आणि पटकन दिसतही नाही. म्हणून कुठल्याही फांदीला, दगडाच्या कपारीला बघितल्याशिवाय हात लावायचा नाही. एवढं पाळलं की पुरे.

कान्हेरीला पोचलात की वेगळं तिकीट, ते पुरातत्त्व खात्याचं, भारतीयांना २५ रुपये आणि १५ वर्षांखालच्या मुलांना फुकट. नाव कृष्णगिरीवरून पडलं, काळा डोंगर, आणि बेसॉल्टचा तो काळा डोंगर फोडून शंभराच्या वर लेणी कोरलीत, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या आसपास सुरुवात झाली आणि हजारेक वर्षं इथे भिक्षूंची वस्ती होती. सोपारा, कल्याण या बंदरांतल्या व्यापाऱ्यांनी दान दिल्याचे ब्राह्मी लेख भिंतींवर आहेत. आपलं नालासोपारा बरं का, आपण ज्याला विरार लोकलच्या गर्दीसाठी ओळखतो ते! सगळी लेणी बघायचा हट्ट धरू नका, पाय दुखतील आणि लक्षात काही राहणार नाही. आधी ३ नंबर, तो मोठा चैत्य, म्हणजे प्रार्थनेचं दालन, व्हरांड्यात दोन बाजूंना जवळजवळ सात मीटर उंचीच्या बुद्धमूर्ती, आत खांबांच्या दोन रांगा आणि टोकाला स्तूप. आत गेल्यावर बाहेरचा आवाज एकदम बंद होतो. मग ११ नंबर, त्याला दरबार म्हणतात, मधे दगडाचे दोन लांब बाक. दम असेल तर ४१ ला जा, तिथे अकरा तोंडांचा अवलोकितेश्वर, म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व, आहे, आणि ९० ला, तिथे पहलवी, म्हणजे जुन्या इराणी, लिपीत लेख आहेत, अकराव्या शतकाच्या सुरुवातीला इथे आलेल्या पारशी लोकांनी कोरलेले, आपली नावं आणि तारीख. आज तसं कोणी केलं तर दंड आहे, हेही पोरांना तिथल्या तिथे सांगून टाका.

पण मला विचाराल तर कान्हेरीत खरं बघायचं ते पाणी. जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या तोंडाशी जमिनीत एक चौकोनी तोंडाची टाकी आहे, तिला पोढी म्हणतात. वाकून बघा, आत काळंशार गार पाणी. आता नीट निरखलं तर वरच्या कातळावर बोटभर रुंदीच्या चरी कोरलेल्या दिसतील, पाऊस डोंगरावर पडला की या चरींतून वाहत येऊन टाकीत साठावा म्हणून. मी एकदा जुलैत छत्री घेऊन एका लेण्याच्या दाराशी उभी होते, वरून पागोळ्या गळत होत्या आणि ती चर बारीक नदीसारखी वाहत होती, टाकीत पाणी पडल्याचा डबडब आवाज येत होता, इतक्या शतकांनंतर ती सोय अजून काम करतेय. पाठीमागच्या डोंगरात विहार-तुळशी आणि इथे या टाक्या, या डोंगराचं पाणी पिऊन आधी भिक्षू जगले, आता आपण जगतो. मुलांना हे दाखवा, पुस्तकात वाचून ते एवढं लक्षात राहत नाही.

मोसमाचं थोडक्यात. नवख्यांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, हवा गार, पक्षी भरपूर. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गळतात आणि पळस, पांगारा, काटेसावर फुलतात, कौशी तर अख्खं झाड पानांशिवाय नारिंगी होतं, आणि त्यात मधेच कांडोळाचं पांढरंफटक खोड उभं असतं. एप्रिल-मेमध्ये जायचं तर अकराच्या आत परत. पावसाळा सगळ्यात देखणा आणि सगळ्यात धोक्याचा. ओढ्यात उतरायचं नाही, गुडघाभर पाणी दिसलं तरी नाही, वर डोंगरात सर आली की इथे ऊन असतानासुद्धा पाणी बघता बघता चढतं. कान्हेरीच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवर कडेने, भिंतीला धरून चाला. कारवी दर आठ वर्षांनी एकदाच फुलते, ती फुलली की सगळ्या डोंगरावर निळा-जांभळा रंग चढतो, ते वर्ष चुकवू नका.

परतीचं गणित दुपारी दोनच्या आत मांडा. कान्हेरीहून खाली येणारी बस कधी भरलेली येते, एक-दोन सोडाव्या लागतात, आणि शेवटच्या बसवर भरवसा ठेवून लेण्यांत रेंगाळलात तर थकलेल्या पोरांना घेऊन सहा किलोमीटर चालावं लागेल, तेही संध्याकाळच्या वेळेला. खाली आलात की वेळ नि ताकद उरली असेल तर सफारी, नाहीतर गांधी टेकडीवर जाऊन जरा बसा. आपला कचरा आपल्या बॅगेतून घरी. घरी गेल्यावर बूट बाहेर झटका, मुलांच्या मानेमागे, गुडघ्यामागे गोचीड वगैरे लागलीय का बघा आणि आंघोळ करा.

हे एकदा झालं आणि आवडलं की पुढच्या वेळी शिलोंडा ट्रेल करा, तो माहितीकेंद्रात आधी नोंदणी करून गाईडबरोबरच करायचा, दोन-चार आठवडे आधीच चौकशी करा. गोरेगावला फिल्मसिटीजवळ बीएनएचएसचं, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं, निसर्ग शिक्षण केंद्र आहे, पार्काला लागूनच, तिथे जाणकार माणसाबरोबर चालायला मिळतं, झाडं-किडे ओळखायला शिकायचं असेल तर तिथून सुरुवात करा. आमच्या ऑफिसातली ती मुलगी येत्या गुरुवारी रजा टाकतेय, तिला सांगितलंय सव्वासातला मेट्रोच्या जिन्याखाली भेट, बूट घालून ये.